लंडन ते पॅरिस: विमान सव्वा तासाचं, प्रवास मात्र अर्ध्या दिवसाचा

लंडनहून पॅरिसला जायचं ठरलं की सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, "विमानाला किती वेळ लागतो?" उत्तर आहे सव्वा तास. त्याच उत्तरावर विसंबून मी पहिल्या वेळी आई-बाबांना घेऊन निघालो होतो. तिकीट स्वस्त होतं म्हणून लांबच्या विमानतळावरचं सकाळी सातचं विमान घेतलं. लंडनच्या हॅरो उपनगरातल्या घरातून पहाटे साडेतीनला निघालो आणि पॅरिसच्या हॉटेलात सामान टेकलं तेव्हा तिथल्या घड्याळात साडेबारा वाजले होते. एका तासाचा फरक वजा केला तरी आठ तास. आईचे पाय सुजले होते आणि तो सगळा दिवस झोपण्यात गेला.

त्यानंतर या वाटेने बऱ्याच खेपा झाल्या, कधी विमानाने तर कधी रेल्वेने. भारतातून कुणी येणार असलं की हेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून सगळं एका जागी क्रमाने लिहून ठेवतोय. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे असं धरून चाललो आहे, कारण या प्रवासात वेळ खरा तिथेच जातो.

१. आधी अंतर नीट समजून घ्या

लंडन आणि पॅरिस यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ३४४ किलोमीटर आहे. हीथ्रो ते शार्ल द गॉल या दोन विमानतळांमधलं अंतरही जवळपास तेवढंच, ३४८ च्या आसपास. पण हे पक्ष्याच्या वाटेचं अंतर. लंडनचं सेंट पॅनक्रस ते पॅरिसचं गार द्यु नॉर या दोन स्टेशनांमधला रेल्वेमार्ग ४९० किलोमीटरहून थोडा जास्त भरतो, कारण गाडीला आधी केंटमधून खाली समुद्रापर्यंत जायचं असतं, मग बोगदा आणि मग उत्तर फ्रान्समधल्या लील शहराच्या बाजूने पॅरिस. खाडीखालचा हा बोगदा ५० किलोमीटरचा आहे आणि त्यातला सुमारे ३८ किलोमीटरचा भाग समुद्रतळाखालून जातो. तो १९९४ साली सुरू झाला. रस्त्याने गेलात तर साडेचारशे किलोमीटरच्या पुढे, शिवाय मध्ये बोट किंवा गाड्या वाहून नेणारी रेल्वे.

म्हणून कुणी "अंतर किती" असं विचारलं की आधी विचारा, कशाने जाणार?

२. विमानाच्या वेळेचा आडाखा

३४४ किलोमीटरला सव्वा तास कशाला? विमान तर तासाला आठशे किलोमीटर जातं. हा हिशोब मलाही आधी जुळत नव्हता. तिकिटावरची वेळ ही विमान गेटपासून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची असते. हीथ्रोला धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्यातच पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. लंडन-पॅरिस उड्डाणात विमान चढतं आणि लगेच उतरायला लागतं, पूर्ण वेगाने जायला त्याला अंतरच मिळत नाही. प्रत्यक्ष हवेतला वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचा. परत येताना हीथ्रोला गर्दी असली तर उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, तेही वेळापत्रकात धरलेलं असतं.

मी युरोपातल्या कुठल्याही दोन शहरांसाठी एक साधा आडाखा वापरतो. सरळ अंतराला ८०० ने भागायचं आणि त्यात पाऊण तास मिळवायचा. लंडन-बर्लिन ९३० किलोमीटर आहे, म्हणजे एक तास दहा मिनिटं अधिक पाऊण तास, जवळजवळ दोन तास. पॅरिस-रोम ११०० किलोमीटर, तिथे दोन तास आठ-दहा मिनिटं येतात. वेळापत्रक उघडून ताडून बघा, पाच-दहा मिनिटांपलीकडे फरक पडत नाही. सहलीचा आराखडा कागदावर मांडताना हा फार उपयोगी पडतो, प्रत्येक जोडीसाठी शोधाशोध करावी लागत नाही.

३. घड्याळातला तास विसरू नका

पॅरिस लंडनच्या एक तास पुढे आहे, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही. दोन्हीकडची घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच वेळी बदलतात, त्यामुळे हा फरक वर्षभर कायम राहतो. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची छापलेली असते. लंडनहून सकाळी नऊला निघालेलं विमान ११:२० ला पोचतं असं दिसतं आणि परतीचं विमान पॅरिसहून नऊला निघून ९:२० ला पोचतं असं दिसतं. दोन्ही प्रवास एक तास वीस मिनिटांचेच.

आईने तिच्या मनगटावर भारताची वेळ शेवटपर्यंत तशीच ठेवली होती, घरी फोन कधी करायचा ते कळावं म्हणून. गार द्यु नॉरच्या मोठ्या घड्याळाखाली उभी राहून ती बोटांवर मोजायची, "इथे अकरा, म्हणजे घरी अडीच." उन्हाळ्यात पॅरिस भारताच्या साडेतीन तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेचार. लंडन त्याहून आणखी एक तास मागे.

४. व्हिसा: सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात

हा भाग सावकाश वाचा. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. फ्रान्स त्यात आहे, ब्रिटन नाही. ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्सला जाता येत नाही आणि शेंगेन व्हिसावर ब्रिटनमध्ये येता येत नाही. दोन देश, दोन वेगळे व्हिसे, दोन अर्ज. लंडनमध्ये नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्या भारतीयालाही पॅरिसच्या दोन दिवसांसाठी शेंगेन व्हिसा काढावाच लागतो.

मोठा सापळा प्रवेशांच्या संख्येचा. समजा तुम्ही मुंबईहून पॅरिसला उतरलात, मध्ये तीन दिवस लंडनला गेलात आणि पुन्हा पॅरिसला येऊन मुंबईचं विमान धरणार आहात. लंडनला निघालात की शेंगेनमधून तुम्ही बाहेर पडलात. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत आत येता येणार नाही. व्हिसा हातात आला की आधी त्यावरचा प्रवेशांचा रकाना बघा. तिथे १ आहे, २ आहे, की अनेक प्रवेशांचा 'मल्ट' असा शिक्का आहे?

माझा सल्ला असा की भारतातून येणाऱ्यांनी एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परत जावं. मुंबई-लंडन, मग लंडन-पॅरिस, मग पॅरिस-मुंबई. दोन्ही टोकांना थेट विमानं मिळतात, प्रवेशांचा प्रश्न उरत नाही आणि लंडन-पॅरिस फेरी एकदाच करावी लागते. शिवाय ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानावर प्रवासी कर लागतो आणि लांबच्या प्रवासाला तो बराच जास्त असतो. लंडनमध्ये उतरताना तो लागत नाही.

फ्रान्सच्या शेंगेन व्हिसासाठी साधारण हे लागतं:

- परतल्यानंतर किमान तीन महिने चालेल असा, गेल्या दहा वर्षांत काढलेला पासपोर्ट, त्यात दोन कोरी पानं
- भरलेला अर्ज आणि ठरलेल्या मापाचे फोटो
- किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय खर्च भागवणारा प्रवास विमा
- हॉटेलचं आरक्षण आणि येण्या-जाण्याच्या तिकिटांचा तपशील
- बँकेची विवरणपत्रं, नोकरीचं पत्र किंवा निवृत्तिवेतनाचे कागद
- ब्रिटनमधून अर्ज करत असाल तर तिथल्या वास्तव्याचा पुरावा

प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे पैसे त्याहून वेगळे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर थांबू नका. मे-जूनमध्ये भेटीची वेळच मिळत नाही. भारतातून अर्ज मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात देता येतो. अनेक शेंगेन देश फिरणार असाल तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि रात्री सारख्या असतील तर जिथे आधी प्रवेश करणार त्या देशाकडे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक. वास्तव्याचं कार्ड जाऊन आता ई-व्हिसा आला आहे. पासपोर्ट नवा काढला असेल तर तो आपल्या ई-व्हिसाच्या खात्याला जोडायला विसरू नका, नाहीतर परतीच्या वेळी तपासणी करणाऱ्याच्या संगणकावर तुमचा परवाना दिसत नाही. निघण्याआधी शेअर कोड, म्हणजे आपला परवाना दुसऱ्याला ऑनलाइन तपासता यावा म्हणून त्या खात्यातून मिळणारा कोड, काढून फोनमध्ये ठेवा.

५. कुठला विमानतळ, ते नावावर जाऊ नका

नावात 'लंडन' असलेले विमानतळ शहरापासून कुठल्या कुठे आहेत. हीथ्रो पश्चिमेला चोवीस किलोमीटरवर, तिथे मेट्रो जाते. गॅटविक दक्षिणेला सुमारे ४५ किलोमीटर. ल्यूटन उत्तरेला ५० च्या आसपास. स्टॅनस्टेड त्याहून लांब, ईशान्येला. पलीकडे शार्ल द गॉल पॅरिसच्या ईशान्येला पंचवीस किलोमीटर आहे, तिथून आरईआर बी ही उपनगरी गाडी अर्ध्या तासाच्या आसपास गार द्यु नॉरला आणते. ऑर्ली दक्षिणेला चौदा किलोमीटरवर आहे आणि २०२४ पासून मेट्रोची १४ नंबरची लाइन थेट तिथपर्यंत जाते. पॅरिसचं म्हणून विकलं जाणारं बोव्हे विमानतळ शहरापासून ८५ किलोमीटर लांब आहे, तिथून बसला सव्वा तास लागतो. तिकीट कितीही स्वस्त असलं तरी म्हातारी माणसं बरोबर असताना ते घेऊ नका.

६. दारापासून दारापर्यंत मोजा, मग ठरवा

कागद घ्या आणि घराचं कुलूप लावण्यापासून हॉटेलच्या दारापर्यंतचे सगळे टप्पे लिहा. हॅरोहून माझा हिशोब असा येतो.

विमानाने: सकाळी सहाला घर सोडलं, सातला हीथ्रो. विमान नऊचं, कारण दोन तास आधी पोचायचं असतं. पॅरिसला उतरलो तिथल्या ११:२० ला. विमानातून बाहेर येणं, लांबलचक चालणं आणि पासपोर्टची रांग यात पाऊण तास ते तास. मग गाडीची वाट, अर्ध्या तासाचा प्रवास. गार द्यु नॉरला पाऊण-एक वाजतो. म्हणजे पावणेसहा तास.

रेल्वेने: सहाला घर सोडलं, मेट्रोपॉलिटन लाइनने न बदलता किंग्ज क्रॉस सेंट पॅनक्रस, पावणेसातपर्यंत. गाडी आठची, प्रवास दोन तास वीस मिनिटांच्या आतबाहेर. पॅरिसच्या घड्याळात ११:२० ला गार द्यु नॉर. डब्यातून उतरलं की थेट रस्त्यावर, कारण फ्रान्सचे पोलीस पासपोर्ट लंडनच्या स्टेशनातच तपासतात. एकूण चार तास वीस मिनिटं.

माझ्यासाठी रेल्वे सरस ठरते आणि आई-बाबांबरोबर तर मी दुसरा विचारच करत नाही. पण हाउन्स्लो किंवा स्लाऊला राहणाऱ्या आपल्या मंडळींचं गणित वेगळं आहे. त्यांना हीथ्रो दारात आणि सेंट पॅनक्रस तासभर लांब. त्यांच्यासाठी दोन्ही जवळजवळ सारखंच पडतं, मग भाव बघून ठरवावं. पॅरिसला न थांबता शार्ल द गॉलवरूनच पुढचं विमान असेल तर मात्र विमानच बरं. रात्रीच्या बसला आठ-नऊ तास लागतात. विद्यार्थ्यांना ती परवडते, पण सीमेवर मध्यरात्री सगळ्यांना खाली उतरवून पासपोर्ट बघतात हे लक्षात ठेवा.

भाव बघतानाही तिकिटाशेजारी सगळं मांडा: मोठ्या बॅगेचे पैसे, विमानतळाचं भाडं, पहाटेची टॅक्सी. आमच्या त्या पहिल्या खेपेला पहाटेच्या टॅक्सीलाच तिघांच्या तिकिटांपेक्षा जास्त पैसे गेले.

७. तिकिटावरचं नाव

आपल्या पासपोर्टवर बहुतेक वेळा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, आडनाव वेगळ्या. तिकिटावर अगदी तसंच भरा. घरात आईला वेगळ्या नावाने हाक मारत असाल, लग्नानंतरचं नाव पासपोर्टवर आलं नसेल, तर घरचं नाव लिहायचा मोह टाळा. नाव दुरुस्त करायला काही कंपन्या नव्या तिकिटाइतके पैसे घेतात. पासपोर्ट समोर उघडा ठेवून एकेक अक्षर ताडून भरा आणि हे काम रात्री थकलेले असताना करू नका.

८. सामान

युरोस्टारमध्ये, म्हणजे लंडन-पॅरिस रेल्वेत, दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली चालते. लांबीची मर्यादा ८५ सेंटीमीटर आहे, वजनाचा काटा नाही. फक्त उचलून डब्यात चढवायची ताकद तुमची तुम्हाला हवी. विमानात स्वस्त तिकिटाला बहुधा आसनाखाली मावेल एवढीच पिशवी मिळते, मोजून घ्या.

खाण्याचं काय? मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून न्यायला बंदी आहे आणि ब्रिटनमधून जाणाऱ्यांनाही ती लागू होते. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवापोळी पॅरिसला नेऊ नका. चिवडा, चकली, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट यांना अडचण नाही. लोणचं विमानाच्या हातातल्या बॅगेत द्रव पदार्थात मोडतं. काही विमानतळांवर १०० मिलिलिटरची अट सैल झाली आहे, पण परतीच्या विमानतळावर ती असेलच असं धरून चाला. रेल्वेत ही अट नाही.

९. निघण्याच्या दिवशी

ऑनलाइन चेक-इन झालं, बोर्डिंग पास फोनवर आला, काउंटरवर द्यायचं सामान नाही, म्हणून आम्ही त्या पहिल्या सकाळी सरळ सुरक्षा तपासणीतून गेटवर गेलो. रांगेत आमचा नंबर आल्यावर कर्मचारी मुलीने बाबांचा पासपोर्ट बघितला आणि विचारलं, "व्हिसा तपासून घेतलात का काउंटरवर?" आम्हाला ठाऊकच नव्हतं. ती कंपनी युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांची कागदपत्रं आधी काउंटरवर बघत होती आणि तशी सूचना बोर्डिंग पासच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली होती. तिने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी तिथेच पानं उलटून बघितली आणि आम्हाला सोडलं. पण ती दहा मिनिटं बाबा खांबाला टेकून उभे होते, हातातला पासपोर्ट थरथरत होता. चेक-इन ऑनलाइन झालं तरी भारतीय पासपोर्ट असेल तर काउंटरवर जाऊन विचाराच.

रेल्वेला किमान सव्वा तास आधी पोचा. सुटण्याच्या अर्धा तास आधी फाटकं बंद होतात, आणि ती बंद म्हणजे बंदच. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. त्यात पहिल्या खेपेला चेहऱ्याचा फोटो घेतात आणि व्हिसाच्या वेळी दिलेले ठसे ताडून बघतात. सुट्टीच्या दिवसांत आणखी अर्धा तास हाताशी ठेवा. हॉटेलचं आरक्षण, विमा आणि परतीचं तिकीट छापून जवळ ठेवा. फोन बंद पडला तर अधिकाऱ्यासमोर काहीतरी दाखवायला हवं.

शार्ल द गॉलवर उतरलात तर दोन गोष्टी. साधं मेट्रो तिकीट विमानतळाच्या गाडीला चालत नाही. विमानतळाचं वेगळं तिकीट घ्या, नाहीतर दंड होतो. आणि टॅक्सी हवी असेल तर फलक बघून अधिकृत रांगेतच उभे राहा. शहरापर्यंतचं भाडं सरकारने ठरवून दिलेलं आहे, आत येऊन "टॅक्सी, टॅक्सी" विचारणाऱ्याबरोबर जाऊ नका. गार द्यु नॉरला पाकीट आणि पासपोर्ट पुढच्या बाजूला, आतल्या खिशात. तिथे खिसे कापले जातात.

१०. परत येताना

गार द्यु नॉरला युरोस्टारचा कक्ष वरच्या मजल्यावर आहे. तिथे आधी फ्रान्सची बाहेर जाण्याची तपासणी आणि लगेच चार पावलांवर ब्रिटनची आत येण्याची. ब्रिटनची स्वयंचलित फाटकं भारतीय पासपोर्टला उघडत नाहीत, अधिकाऱ्याच्या खिडकीची रांग धरावी लागते, म्हणून इथे लंडनपेक्षा जास्त वेळ ठेवा. मी दीड तास आधी जातो. अधिकारी दोनच प्रश्न विचारतो, कुठे राहता आणि किती दिवस. पाहुणे असाल तर ज्यांच्याकडे उतरणार त्यांचा पत्ता कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये वेगळा ठेवा, कारण खिडकीशी प्रत्येकाला एकेकट्याने बोलावतात तेव्हा फोन नेमका मुलाच्या खिशात असतो. लंडनला उतरल्यावर मग पुन्हा तपासणी नाही, सेंट पॅनक्रसच्या फलाटावरून जिना उतरला की खाली मेट्रो.